आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीस खुले पत्र : 'मी सुपारी दिली' या कागदाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि सांस्कृतिक समितीचे सर्व सभासद,
पोखरण रोड नं. 2, ठाणे (पश्चिम)

विषय : क्लबहाऊसमधला रद्द झालेला सिनेमा

सप्रेम नमस्कार.

आधी माझी चूक कबूल करतो, म्हणजे पुढचं भांडायला बरं. लिफ्टशेजारच्या फलकावर मी जो कागद लावला होता त्यावर ठळक अक्षरांत 'मी सुपारी दिली' असं होतं आणि त्याच्याखाली माझा फ्लॅट नंबर. मधली 'चित्रपट, शनिवार रात्री 8 वाजता, फक्त प्रौढांसाठी' ही ओळ बारीक आणि फिकट उमटली, कारण प्रिंटरची शाई संपत आली होती. सकाळी दूधवाल्याने तो कागद वाचला, वॉचमनला दाखवला, वॉचमनने सुपरवायझरला बोलावलं. मी उपवनला फेरी मारून परत येईपर्यंत सी विंगमधल्या एका वहिनींनी माझ्या बायकोला फोन करून 'सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?' असं विचारूनही झालं होतं. बायकोने 'अजून तरी' असं उत्तर दिलं.

संध्याकाळी माझ्या कागदावर तुमचा कागद डकवला गेला. 'सदर चित्रपट हिंसक व असांस्कृतिक असल्याने क्लबहाऊसची परवानगी रद्द करण्यात येत आहे. त्याऐवजी त्याच वेळी हाऊजी खेळवण्यात येईल.' हाऊजीबद्दल माझी तक्रार नाही, मी स्वतः दोनदा जल्दी पाच मारलेलं आहे. माझी तक्रार 'हिंसक' आणि 'असांस्कृतिक' या दोन शब्दांबद्दल आहे. तुमच्यापैकी कुणी तो सिनेमा पाहिलेला नाही. नाव वाचून निकाल दिलात, आणि ते नावही दिग्दर्शकाने दिलेलं नव्हतं, मी दिलेलं होतं. (सिनेमा सार्वजनिक जागेत दाखवायचा तर हक्कांची रीतसर परवानगी लागते, ती माझ्याकडे आहे का, असं तुम्ही विचारलं असतंत तर मी मुकाट्याने कागद काढून घेतला असता. तो प्रश्न एकालाही सुचला नाही, हे माझं नशीब.)

सिनेमाचं मूळ नाव 'आय हायर्ड अ काँट्रॅक्ट किलर'. 1990 सालचा आहे. दिग्दर्शक फिनलंडचे आकी कौरिस्माकी, गोष्ट लंडनमधली. ती इथे थोडक्यात सांगतो, म्हणजे निदान आता तरी तुम्ही काय रद्द केलंत ते तुम्हाला कळेल.

आँरी बुलांजे नावाचा एक फ्रेंच माणूस लंडनच्या सरकारी पाणी खात्यात कारकून आहे. 15 वर्षं नोकरी झाली. कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसत नाही. एके दिवशी साहेब बोलावून सांगतो की खात्याचं खासगीकरण होतंय, माणसं कमी करायची आहेत आणि सुरुवात परदेशी लोकांपासून होणार आहे. (ही कल्पनेची भरारी नव्हे. इंग्लंडमधल्या पाणीपुरवठ्याचं 1989 साली खरोखरच खासगीकरण झालं होतं.) निरोपाला त्याच्या हातात एक सोन्याचं घड्याळ ठेवतात. ते चालत नाही.

इथे मी पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता उठून दिवाणखान्यातल्या भिंतीकडे पाहिलं.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे, मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टाइम ऑफिसला होतो. पंचिंग कार्डं, पाळ्या, ओव्हरटाइम, लेट मार्क, असा सगळा वेळेचा कारभार 19 वर्षं माझ्या टेबलावरून गेला. 2001 साली आम्हाला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, दिली. 'घेतली' म्हणायची पद्धत आहे, पण गेटवर नोटीस लागल्यावर कोण घेतं आणि कोण देतं हे सगळ्यांना समजतं. शेवटच्या दिवशी साहेबांनी हार घातला, पेढा दिला आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. टाइम ऑफिसच्या माणसाला घड्याळ द्यायचं ज्याला सुचलं, तो विनोदी होता की निर्दय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घड्याळ चार महिन्यांनी बंद पडलं. सेल बदलून पाहिला, चाललं नाही. ते अजून भिंतीवर आहे. सव्वादोन वाजलेत. पाहुणे येतात तेव्हा बायको म्हणते, 'ते शोभेचं आहे.'

तेव्हा सिनेमा लंडनचा असला तरी मी तो परका मानत नाही. तुम्हीही मानू नये. पोखरण रोडच्या दोन्ही बाजूंना आज जे मजले चढलेत, त्यातले बरेच कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या जागेवर आहेत. जिथे भोंगा वाजायचा तिथे आता स्विमिंग पूल आहे. आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर हात वर करायला सांगा: व्हीआरएसवाले किती, लॉकआउटवाले किती, हिशेब अजून अडकलेले किती. हा सिनेमा मी त्या कट्ट्यासाठी निवडला होता.

आता पुढे ऐका. आँरी जीव द्यायला निघतो आणि तेही त्याला धड जमत नाही. त्यातला एक बेत तर शहरात संप चालू असल्यामुळे फसतो. संपामुळे कुणाचा जीव वाचल्याचं मी पडद्यावर पाहिलेलं हे एकमेव उदाहरण. मग तो शिल्लक रक्कम काढतो आणि एका अड्डेवजा बारमध्ये जाऊन स्वतःच्याच नावाची सुपारी देतो. तिथले गुंडसुद्धा चक्रावतात. अरे, आयुष्य सुंदर आहे वगैरे त्यालाच समजवायला लागतात. पण पैसे रोख असल्यामुळे काम घेतात.

मग हा घरी येऊन मारेकऱ्याची वाट पाहत बसतो. मारेकरी काही येत नाही. कंटाळून हा समोरच्या पबमध्ये जातो आणि जाताना दारावर चिठ्ठी लावतो: मी समोर आहे. आपण कुरियरवाल्यासाठी 'शेजारी 703 मध्ये द्यावे' असं लिहून ठेवतो ना, अगदी तसं. त्या पबमध्ये आयुष्यात पहिल्यांदा दारू पितो आणि तिथेच फुलं विकणारी मार्गारेट त्याला भेटते. आता याला जगायचं असतं. सुपारी रद्द करायला धावत बारकडे जातो, तर बार जमीनदोस्त झालेला. सगळा पाडलेला. नुसता राडारोडा.

पुनर्विकास! नौपाड्यात ज्यांनी कुणाला दोन महिन्यांपूर्वी उसने पैसे दिले असतील आणि आता त्या पत्त्यावर पत्र्याचं कुंपण पाहिलं असेल, त्यांना हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

मारेकऱ्याचंही सांगतो. तो खोकत असतो. डॉक्टर सांगतात, कॅन्सर आहे, फार दिवस नाहीत. तरी घेतलेलं काम पुरं करायचं म्हणून तो पत्ता शोधत हिंडतो. थकलेला, आजारी, रजा न मिळालेला नोकर दिसतो तो. शेवट सांगत नाही. संपूर्ण सिनेमात रक्ताचं म्हणाल तर आपल्या टीव्हीवरच्या रात्री साडेआठच्या मालिकेत याहून जास्त सांडतं, आणि माणसं तर इतकी कमी बोलतात की आपल्या सर्वसाधारण सभेने आदर्श घ्यावा.

हा झाला तुमचा हिंसक सिनेमा.

आता सुपारी. तुम्हाला तो शब्दच खटकला असं मला खजिनदारांनी लिफ्टमध्ये सांगितलं. 'संस्कार' म्हणाले. मला नवल वाटलं, कारण मागच्या गणपतीच्या बैठकीत मी हजर होतो आणि तिथे तुम्हीच विचारत होतात, 'ऑर्केस्ट्राची सुपारी किती? बँडवाल्याची दिली का?' कुणी पोलिसांना बोलावलं नाही. कारण मराठीत सुपारी हा आधी शुभ शब्द आहे. पूजेत मूर्ती नसेल तर तांदळाच्या राशीवर सुपारी ठेवतो आणि तिला गणपती म्हणतो. लग्न ठरलं की सुपारी फुटते. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रेचे पुढारी येतात, सौदा करतात आणि फडाला सुपारी देतात. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. पाऊस येवो, ढोलकीवाला आजारी पडो, त्या तिथीला त्या गावात फड उभा राहणार. नाटकवाल्यांची तीच भाषा, कीर्तनकारांची तीच. अवघड कामगिरी अंगावर घेताना विडा उचलायचा. अफझलखानाने विजापूरच्या दरबारात उचललेला विडा बखरींतून आणि पोवाड्यांतून आपल्या सगळ्यांच्या कानावर आलेला आहे, आणि त्या विड्याचं 1659 साली प्रतापगडाखाली काय झालं तेही.

मुंबईच्या गुंडांनी हाच शब्द उचलला. माणूस मारायचा करार, आणि त्याला नाव गणपतीच्या पूजेतलं. पैसे घेतलेत, शब्द दिलाय, तिथी ठरलीय. मला विचाराल तर आपल्या भाषेतला सगळ्यात काळा विनोद कुणा लेखकाने केलेला नाही, तो या शब्दाने आपला आपणच केलाय. ज्या भाषेत लग्न, तमाशा आणि खून एकाच अडकित्त्याने फुटतात, तिथे सुपारीबाज खुन्यावर हसरा सिनेमा कुणी काढला तर त्याला बाहेरून आलेलं खूळ म्हणायचं कारण नाही. उलट फिनलंडच्या माणसाला जे सुचलं ते ठाण्यात आधी का सुचलं नाही, याचं मला वैषम्य आहे.

अध्यक्षसाहेब, गेल्या 31 डिसेंबरची आठवण देतो. त्या रात्री याच क्लबहाऊसमध्ये, याच पडद्यावर, समितीच्या खर्चाने एक सिनेमा लागला होता. नाव लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. नायक भाडोत्री मारेकरी. गॉगल लावून चालायला लागला की मागे वाद्यं, वारा, संथ गती. मेलेली माणसं मोजायचा मी प्रयत्न केला, चाळिशीनंतर सोडला. समोर सतरंजीवर सात-आठ वर्षांची पोरं बसली होती. पुढचे आठ दिवस बी विंगच्या पार्किंगमध्ये बोटांची पिस्तुलं चालत होती, आणि माझ्या नातवाने मला दूध आणायला जाताना दोनदा ठार मारलं. तो सिनेमा तुमच्या मते सांस्कृतिक होता. मी प्रौढांसाठी म्हणून कागदावर लिहिलं (फिकट का होईना), तो असांस्कृतिक.

मला तुमच्या दुटप्पीपणापेक्षा वेगळ्या गोष्टीचा राग आहे. ती सांगायला थोडं मागे जावं लागेल.

16 जानेवारी 1997. माझी पहिली पाळी होती. बाहेरची फोनलाइन आमच्या टाइम ऑफिसात होती, म्हणून बातमी आधी माझ्याकडे आली. कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांना पवईत, घरापासून थोड्याच अंतरावर, गाडीत गोळ्या घालून मारलं होतं. भाडोत्री मारेकरी होते. फोन ठेवून मी मशीन शॉपमध्ये गेलो. कुणाला सांगितलं तेही आठवत नाही, पण दहा मिनिटांत मशीनं एकेक करून थांबत गेली. भोंगा न वाजता कंपनी बंद झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. डॉक्टरांबद्दल आमच्यात दोन मतं होती, आजही आहेत. 18 जानेवारी 1982 ला त्यांनी पुकारलेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यातली कित्येक घरं पुन्हा उभी राहिली नाहीत. माझा मावसभाऊ त्यातलाच, लालबागहून कळव्याला आला, रिक्षा चालवली. तरीसुद्धा त्या दिवशी कँटीनमध्ये कुणी जेवलं नाही. डॉक्टरांना शिव्या देणारेही नाही. त्याच वर्षी 12 ऑगस्टला अंधेरीत कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमार यांना देवळाबाहेर मारलं. तेव्हाच्या पेपरांत अशा बातम्या रोजच्या झाल्या होत्या.

म्हणजे सुपारी काय असते हे मला पडद्यावरून शिकायची गरज नव्हती. आणि म्हणूनच त्या गॉगलवाल्या सिनेमाने मला मळमळतं. ज्याने पैसे घेऊन, ओळखदेख नसताना, गाडीत बसलेल्या माणसावर गोळ्या झाडल्या, त्याच्या चालण्याला तुम्ही संगीत देता. त्याची छाती रुंद करता. पोरांना वाटतं, हे काहीतरी मोठं काम आहे. काळ्या विनोदाचा सिनेमा त्याचा गॉगल काढून घेतो. त्याला खोकला देतो, चुकीचा पत्ता देतो, पाडलेली इमारत देतो. मारेकऱ्याला जितका बारीक तो आहे तितका बारीक करतो. तुम्ही मोठा केलेला मारेकरी पोरांना चालवून दाखवलात आणि बारीक केलेला मोठ्यांनाही बघू दिला नाहीत.

मार्टिन मॅक्डोना यांच्या 'इन ब्रूज' या 2008 च्या सिनेमात दोन मारेकऱ्यांना काही दिवस लपायला बेल्जियममधल्या ब्रूज या जुन्या गावात पाठवतात. थोरला देवळं, मनोरे बघून हरखतो. धाकटा असा कंटाळतो की मला माझा मेहुणा आठवला, ज्याला आम्ही कोपिनेश्वर दाखवलं, तलावपाळीला फिरवलं आणि तो दर पाच मिनिटांनी 'आता घरी ना?' विचारत होता. हसता हसता कळतं की त्या धाकट्याच्या हातून एक लहान मूल चुकून मेलेलं आहे आणि त्याला ते झेपत नाही. त्या धाकट्याचं लपवलेलं रडू 31 डिसेंबरच्या तुमच्या सिनेमात असतं तर माझ्या नातवाने मला दोनदा मारलं नसतं, एकदाच मारलं असतं.

सचिवसाहेब, तुम्ही ठाणे कोर्टात वकिली करता, म्हणून बैठकीत तुम्ही म्हणालात ते ऐकून जरा गंमत वाटली. 'हा 302 चा विषय आहे, क्लबहाऊसचा नाही.' 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला आणि खून 302 मधून 103 मध्ये गेला की हो. आणि भारतीय न्याय संहितेच्या 111 व्या कलमात, संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत, काँट्रॅक्ट किलिंगचा नाव घेऊन उल्लेख आहे. कायद्याला जो शब्द चालतो तो लिफ्टशेजारच्या फलकाला चालायला हरकत नसावी. सेन्सॉरनेही वयाचा विचार तुमच्याहून बारकाईने केलाय. 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 असे तीन वयोगट झाले आहेत. आपल्याकडे मात्र दोनच गट: समितीला चालणारं आणि न चालणारं.

'मरणावर हसणं आपल्यात बसत नाही,' असंही कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणालं ते मी विचारत नाही. पण सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' 1974 चं आहे. त्यात भाऊराव मेल्यावर उठून स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतात आणि जुन्या स्मशानातच जाळा म्हणून हट्ट धरतात, ते स्मशान बंद झालेलं असतं. जुन्या मंडळींनी ते पाहिलंय, पोट धरून हसलीत. 'जाने भी दो यारों' 1983 चा, त्यात कमिशनरचं प्रेत थेट महाभारताच्या नाटकात घुसतं. तो टीव्हीवर लागला की आपल्या ग्रुपवर पहिला मेसेज अध्यक्षसाहेबांचा असतो. चार्ली चॅप्लिनचं तर काय सांगू. 1947 साली त्यांनी 'मस्यू व्हर्दू' काढला. 30 वर्षं इमानेइतबारे बँकेत कारकुनी केलेला माणूस मंदीत नोकरीवरून निघतो आणि घर चालवायला श्रीमंत बायकांशी लग्न करून त्यांना मारायचा धंदा सुरू करतो. अमेरिकेने तो तेव्हा झिडकारला. तिथेही बहुधा एखादी समिती असावी.

पुन्हा कारकूनच, बघा. पुन्हा नोकरी गेलेला. या जातीच्या सिनेमांत मारणारा किंवा मरणारा असा हिशेबाच्या वह्यांमधून उठून आलेला का असतो, यावर मी बराच विचार केलाय. मला वाटतं, 19 वर्षं ज्याने दुसऱ्यांचे लेट मार्क लावले त्याला कामाची एवढी सवय लागते की त्याला कुठलंही काम द्या, तो वही आखून घेतो. आमची नोटीस टाइप करणारा माणूस माझ्याच शेजारच्या टेबलावर बसायचा. 212 नावं. त्याने सगळी नावं वर्णानुक्रमे लावली, समासाची रेघ मारली, माझ्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ मला विचारून दुरुस्त केला. वाईट माणूस नव्हता. त्याचं स्वतःचं नाव यादीत 187 वं होतं.

आता जे लिहिणार आहे ते लिहायचं की नाही यावर दोन दिवस गेले.

तुमचा कागद लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ए विंगमधले अण्णा कट्ट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. (त्यांना विचारून हे लिहितोय. नाव लिहू नको म्हणाले.) म्हणाले, 'समितीचं राहू दे. मलाही तो सिनेमा नको होता.' मी विचारलं, का? त्यांचा धाकटा भाऊ ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत होता. कंपनी बंद झाली, हिशेब लटकला. दोन वर्षं त्याने वाट पाहिली. मग वाट पाहणं थांबवलं. अण्णा एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. मीही गप्प.

सभासदहो, तुमच्या कागदावर 'संस्कार'ऐवजी हे एक वाक्य असतं, की आपल्यातल्या काही घरांना या विषयाची जखम आहे, तर मी त्याच संध्याकाळी माघार घेतली असती. वर मी संपामुळे जीव वाचल्याचा जो विनोद केला तो मी अण्णांसमोर केला नसता. कुणासमोर कशावर हसायचं हे ठरवणं कठीण आहे आणि ते हाऊजीने सुटत नाही.

थोड्या वेळाने अण्णांनीच विचारलं, 'काय आहे रे त्यात?' मी सांगायला लागलो. पाणी खातं, कँटीन, साहेब. जीव द्यायचा भाग मी गाळत होतो, त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, 'गाळू नको. सांग.' सांगितलं. घड्याळापाशी आलो तेव्हा ते हसले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. 'बंद?' म्हणाले. 'नवं कोरं आणि बंद?' मग त्यांनी सांगितलं, भावाला कंपनीने पंचवीस वर्षांची म्हणून चांदीची गणपतीची तसबीर दिली होती, तिच्या मागे किमतीची चिठ्ठी तशीच होती. ती चिठ्ठी भावाने शेवटपर्यंत काढली नाही. आल्यागेल्याला तसबीर उलटी करून दाखवायचा.

मग म्हणाले, 'पुढे? मारेकरी सापडतो का त्याला?' मी म्हटलं, शेवट सांगणार नाही. ते जरा चिडलेच.

तर आता विनंतीकडे येतो. क्लबहाऊस मला नको, शनिवारची हाऊजी निर्विघ्न पार पडो. सिनेमा रविवारी संध्याकाळी 6 वाजता माझ्या घरी आहे. दीड तासापेक्षा कमी लांबीचा आहे, साडेसातपर्यंत सगळे मोकळे होतील. अण्णा येणार आहेत, टाइम ऑफिसमधला तो 187 नंबरवाला कल्याणहून येणार आहे, आणि कट्ट्यावरच्या आणखी नऊ जणांनी नावं दिलीत. माझ्या घरी सोफा धरून पाच माणसं बसतात. तेव्हा क्लबहाऊसमधल्या निळ्या प्लास्टिकच्या सात खुर्च्या रविवारी दुपारी 4 ते रात्री 9 मिळाव्यात. प्रत्येकी 10 रुपये भाडं नियमाप्रमाणे सोबत जोडलं आहे. अनामत रक्कम किती ते कळवावं. पावती द्यावी, आणि पावतीवर कार्यक्रमाचं स्वरूप लिहायचा रकाना असतो तिथे काय लिहायचं ते समितीने ठरवावं. मी या वेळी काहीच लिहिलेलं नाही.

ता. क. : त्या निळ्या खुर्च्यांपैकी एकीचा पाय तडकलेला आहे, ती देऊ नये. गेल्या सर्वसाधारण सभेत तिच्यावर मीच बसलो होतो.

आपला,
बी विंगमधला एक सभासद
(मेंटेनन्स चालू महिन्यापर्यंत भरलेला)